आधी माप, मग दात



आपल्या घरांत दातांची कहाणी बहुतेक वेळा एका दाढेपासून सुरू होते. खालच्या जबड्यातली पहिली कायमची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते. ती कुठलाही दुधाचा दात न पाडता मागच्या बाजूने गुपचूप उगवते, त्यामुळे आई-वडिलांना ती दुधाचीच वाटते. 'पडणारच आहे' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, ती किडते, आणि पुढे कधीतरी काढावी लागते. एका बाजूने चावण्याची सवय लागते. वर्षे जातात. मग कोणीतरी सांगते, "आता इम्प्लांट निघालेत, अगदी खऱ्या दातासारखे." आणि घरात हिशोब सुरू होतो.

या हिशोबात तीन प्रश्न हमखास असतात. खर्च किती? दिवस किती? दुखेल किती? आम्ही आज चौथ्या प्रश्नाबद्दल लिहिणार आहोत, जो फारसा कोणी विचारत नाही: दात जिथे बसवायचा, तिथे हाड किती आहे, आणि ते मोजले कसे? कुर्ता शिवायला टाकताना आपण खांदा, छाती, लांबी अशी सगळी मापे देतो. जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवताना मात्र 'डॉक्टर बघून घेतील' म्हणून मोकळे होतो. डॉक्टर बघतातच. पण त्यांनी काय पाहिले आणि कशावर पाहिले, हे आपल्यालाही कळायला हवे. कारण इथे चूक आणि बरोबर यांत अंतर असते ते दोन मिलिमीटरचे.

हाडात रोवलेला दात

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. तो हाडात बसवतात आणि काही महिन्यांनी त्याच्यावर कॅप लावतात. ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात कोरावे लागतात, ते इथे टळते. कवळीसारखे रोज काढावे-घालावे लागत नाही. हे फायदे खरे आहेत.

या उपचाराचे श्रेय स्वीडनचे संशोधक पेर-इंगव्हार ब्रोनमार्क यांना जाते. १९५२ साली ते सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेना, कारण हाड तिला घट्ट चिकटले होते. त्यातून त्यांना पुढची वाट दिसली. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि ते त्या रुग्णाला हयातभर, चाळीस वर्षांहून अधिक काळ पुरले.

म्हणजे सगळी मदार हाडावर आहे. स्क्रू कितीही महागडा असला, तरी त्याच्या चारही बाजूंना पुरेसे जिवंत हाड नसेल तर तो टिकत नाही.

दात गेला की हाडही जाते

जबड्याचे हाड दाताला धरून असते, तसे दातही हाडाला जागे ठेवतात. दात काढला की त्या जागचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षभरात हाडाची रुंदी साधारण निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. झीज गालाच्या बाजूने जास्त होते. वरून हिरडी जाड आणि भरलेली दिसते, म्हणून आरशात पाहून काही कळत नाही. आतले हाड मात्र सुरीच्या पात्यासारखे निमुळते झालेले असू शकते.

दादी-नानींच्या पिढीत पंधरा-वीस वर्षे कवळी वापरणाऱ्या कितीतरी बायका आहेत. कवळी सैल होत जाते, याचे कारण कवळी झिजते हे नसून खालचे हाड झिजते हे असते. मशेरी आणि तंबाखूची सवय असेल, मधुमेह ताब्यात नसेल, हिरड्यांचा जुना आजार असेल, तर ही झीज आणि पुढे स्क्रू निकामी होण्याचा धोका, दोन्ही वाढतात. म्हणून 'शेजारणीला बसवले, मग अम्मींनाही बसेल' असे होत नाही. दोघींचे जबडे वेगळे असतात.

भिंतीत लपलेली वायर

घरात घड्याळ टांगायला भिंतीला भोक पाडताना आपण आधी विचारतो, "इथून वायर तर गेली नाही ना?" जबड्यातही अशी कन्सील वायरिंग आहे.

खालच्या जबड्यात, दाढांच्या मुळांखालून, हाडाच्या आत एक बारीक बोगदा जातो. त्यातून एक मज्जातंतू, म्हणजे आपल्या बोलीत नस, पुढे येते. वाटेत ती खालच्या दातांना फांद्या देते आणि पुढच्या दाढांच्या जवळ एका छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. काही माणसांत ती छिद्राच्या काही मिलिमीटर पुढे जाऊन, वळसा घेऊन मागे येते. बाहेरून हे काहीच दिसत नाही.

ड्रिल या बोगद्यात शिरले किंवा स्क्रूचा दाब नसेवर आला, तर अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर होते. चहा ओठावरून ओघळतो आणि कळत नाही. जेवताना ओठ चावला जातो. कधी मुंग्या येतात, कधी जळजळ होते. काही जणांना महिन्यांनी बरे वाटते, काहींना कधीच पूर्ण बरे वाटत नाही. एका दाढेसाठी ही किंमत फार मोठी आहे. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी ओठ बधिर असेल, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्क्रू काढून दाब कमी करायचा असेल, तर पहिले २४ ते ३६ तास महत्त्वाचे असतात.

खालच्याच जबड्याला जिभेच्या बाजूने आतून एक खळगी असते. वरून सरळ वाटणारे हाड खाली जाता जाता आत वळते. ड्रिल सरळ गेले तर ते या बाजूने बाहेर पडू शकते. जबड्याच्या पुढच्या भागात जिभेखाली बारीक रक्तवाहिन्या हाडाला खेटून असतात. त्यातली एखादी फाटली तर जिभेखाली रक्त साचून सूज येते, आणि ती श्वासाच्या वाटेपर्यंत पोहोचू शकते. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा रुग्णाला थेट इस्पितळ गाठावे लागते.

वरच्या जबड्याची गोष्ट वेगळी. तिथे दाढांच्या वर हवेची पोकळी आहे, जिला आपण सायनस म्हणतो. वरच्या दाढा गेल्या की एकीकडून हाड झिजते आणि दुसरीकडून ही पोकळी खाली पसरत येते. मधे कधी कधी चार-पाच मिलिमीटर हाडच उरते, कधी त्याहूनही कमी.

सपाट चित्राचा हिशोब

डॉक्टरकडे गेल्यावर बहुधा पहिल्यांदा ओपीजी काढतात. यात यंत्र चेहऱ्याभोवती फिरते आणि दोन्ही जबडे एकाच लांबट फिल्मवर दिसतात. फिनलंडच्या पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ही पद्धत रुजवली. स्वस्त आहे, झटपट होते, किरण कमी लागतात आणि सगळ्या तोंडाचा आढावा मिळतो. पहिली तपासणी म्हणून ती आजही उत्तम आहे.

पण ओपीजीला दोन मर्यादा आहेत. एक, त्यात सगळे खऱ्यापेक्षा मोठे दिसते. किती मोठे, हे यंत्रावर आणि डोके कसे ठेवले यावर अवलंबून असते. साधारण १० ते ३० टक्के. दोन, त्यात उंची दिसते पण जाडी दिसत नाही. भिंतीचे समोरून फोटो काढले तर भिंत चार इंची की नऊ इंची हे कळत नाही, तसेच.

खालच्या पहिल्या दाढेच्या जागेचा हिशोब करून पाहू. समजा, ओपीजीवर हिरडीखालच्या हाडाच्या वरच्या कडेपासून नसेच्या बोगद्यापर्यंत १४ मिलिमीटर अंतर दिसते. नसेपासून किमान २ मिलिमीटर दूर राहायचे, हा दंतवैद्यकात सर्वमान्य नियम आहे. मग १४ मधून २ गेले, उरले १२. कोणी १२ मिलिमीटरचा स्क्रू निवडला, तर कागदावर सगळे बरोबर दिसेल.

आता त्या चित्रात सगळे २५ टक्क्यांनी मोठे दिसत असेल, तर खरे अंतर १४ भागिले १.२५, म्हणजे ११.२ मिलिमीटर आहे. बारा मिलिमीटरचा स्क्रू बोगद्यात ०.८ मिलिमीटर शिरेल. शिवाय काही पद्धतींत ड्रिलचे टोक स्क्रूच्या लांबीपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर खोल जाते. खरा हिशोब असा: ११.२ मधून २ गेले, उरले ९.२, ड्रिलच्या टोकाची जागा सोडली की योग्य स्क्रू ८ मिलिमीटरचा. बारा आणि आठ. एकच जबडा, एकच दाढ.

इथेही गोष्ट संपत नाही. स्क्रूची जाडी ४ मिलिमीटर धरली, तर गालाकडे आणि जिभेकडे किमान एकेक मिलिमीटर हाड हवे, म्हणजे रुंदी किमान ६ मिलिमीटर. हाडाचा वरचा २ मिलिमीटरचा भाग पात्यासारखा निमुळता असेल, तर तो सपाट करून खालून सुरुवात करावी लागते. मग ११.२ ची उंची ९.२ होते, आणि नसेचे अंतर सोडून उरते ७.२. आता आठचा स्क्रूही बसत नाही. ही निमुळती कड ओपीजीत दिसणारच नव्हती.

अनुभवी डॉक्टर ओपीजी काढताना दाताच्या जागी ५ मिलिमीटरची पोलादी गोळी ठेवतात. चित्रात ती ६.२५ दिसली की सव्वापट वाढ झाली हे कळते. याने उंचीचा प्रश्न बराच सुटतो. जाडीचा सुटत नाही.

सगळीकडून पाहणारे यंत्र

१९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवले. त्याला आपण सीटी स्कॅन म्हणतो. १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण मोठ्या सीटीत दातांसाठी लागतात त्याहून किती तरी जास्त किरण जातात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये दात-जबड्यांसाठी वेगळे यंत्र तयार झाले. त्याला सीबीसीटी म्हणतात. यात किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारते, शेकडो चित्रे घेते आणि संगणक त्यांतून जबड्याचा ठोकळा उभा करतो. सगळे मिळून अर्ध्या-पाऊण मिनिटाचे काम.

हा ठोकळा पावाच्या लादीसारखा हव्या त्या ठिकाणी कापून पाहता येतो. दाढेच्या जागी आडवा काप घेतला की हाडाचा खरा आकार दिसतो: वरची कड, दोन्ही बाजूंच्या कठीण भिंती, मधला सच्छिद्र भाग, जिभेकडची खळगी आणि खाली नसेचा गोल बोगदा. संगणकावर नसेची वाट रंगाने आखतात, मग स्क्रूचे चित्र ठेवून त्याची लांबी, जाडी आणि कल ठरवतात.

डॉक्टर यात प्रामुख्याने पुढील मापे घेतात. हाडाच्या कडेपासून नसेपर्यंत किंवा सायनसच्या तळापर्यंतची उंची. हाडाची रुंदी, तीही एका ठिकाणी नव्हे तर वर, मध्ये आणि खाली. शेजारच्या दाताच्या मुळापासूनचे अंतर, जे दीड मिलिमीटर तरी असावे. दोन स्क्रू शेजारी बसवायचे असतील तर त्यांच्यातले अंतर, जे ३ मिलिमीटर असावे. आणि हाडाचा कल, कारण स्क्रू हाडाच्या मधोमध हवा, पण त्यावरचा दात समोरच्या दातावर बरोबर टेकायलाही हवा.

या शेवटच्या गोष्टीसाठी आधी दात कुठे हवा ते ठरवावे लागते. दात बरेच गेलेले असतील तर डॉक्टर प्लॅस्टिकचा साचा करतात, त्यात एक्स-रेवर उठून दिसणारा पदार्थ भरतात आणि तो तोंडात ठेवून स्कॅन करतात. मग चित्रात हाड आणि होणारा दात दोन्ही एकत्र दिसतात. अमेरिकेतील तोंड व जबड्याच्या रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली इम्प्लांटचा आराखडा करताना असे आडवे काप पाहण्याची शिफारस केली, आणि त्यासाठी सीबीसीटी पसंत केली.

स्कॅनलाही मर्यादा असतात

त्रिमिती स्कॅन काढला म्हणजे सगळे निर्धास्त, असेही नाही. तोंडात धातूच्या कॅपा, जुने भरणे किंवा आधीचे स्क्रू असतील तर चित्रात पांढरे-काळे पट्टे उठतात आणि शेजारचे हाड नीट दिसत नाही. स्कॅन चालू असताना मान हलली, आवंढा गिळला, तर चित्र धूसर होते. काही जणांत नसेच्या बोगद्याच्या भिंती इतक्या पातळ असतात की त्रिमिती चित्रातही तो ओळखायला सराव लागतो.

आणखी एक मुद्दा. चित्रातल्या करड्या रंगावरून 'हाडाची घनता अमुक' असे आकडे छापून येतात. मोठ्या सीटीत हे आकडे ठरलेल्या मापात असतात. सीबीसीटीत ते यंत्रागणिक, अगदी तोंडातल्या जागेगणिक बदलतात. म्हणून अंतराच्या मापावर भरवसा ठेवावा, घनतेच्या आकड्याकडे अंदाज म्हणून पाहावे. हाड कठीण की भुसभुशीत, हे शेवटी ड्रिल करताना डॉक्टरांच्या हाताला कळते.

आणि माप बरोबर असले तरी हात तिथेच पोहोचायला हवा. आता स्कॅनवरून साचा छापून घेतात. त्यातल्या भोकातून ड्रिल ठरलेल्या दिशेने जाते. असा साचा वापरूनही आराखडा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी एक ते दीड मिलिमीटरचा फरक पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. नसेपासून दोन मिलिमीटर दूर राहण्याच्या नियमाचे मोल इथे कळते. ते अंतर वाया गेलेले हाड नसते. माणसाच्या हाताच्या आणि यंत्राच्या चुकीसाठी राखून ठेवलेली ती जागा असते.

किरणांची भीती

'एवढे एक्स-रे काढले तर कॅन्सर होईल' ही भीती घरोघरी ऐकू येते. ती उडवून लावू नये, पण मोजून पाहावी. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून प्रत्येकाला वर्षभरात नैसर्गिकरीत्या किरण मिळतच असतात. त्याची जागतिक सरासरी सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट आहे. एका ओपीजीत साधारण १० ते २५ मिळतात, म्हणजे दोन-चार दिवसांचे. जबड्याच्या छोट्या भागाच्या सीबीसीटीत बहुधा २० ते १००. पूर्ण चेहऱ्याचा मोठा स्कॅन काढला तर काहीशेपर्यंत जाऊ शकतात.

म्हणून नियम सोपा: गरज असेल तरच, आणि गरजेपुरताच भाग. एका दाढेसाठी पूर्ण डोक्याचा स्कॅन लागत नाही. स्त्री गरोदर असेल किंवा शक्यता असेल, तर आधीच सांगावे. इम्प्लांट तातडीचे काम नाही, ते थांबू शकते. लहान मुलांना आणि वाढीच्या वयात इम्प्लांट बसवतच नाहीत, कारण जबडा वाढायचा असतो. आपल्या देशात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. यंत्राला मंडळाची परवानगी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

माप कमी भरले तर

स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड कमी आहे," तर खचून जाऊ नका. आखूड स्क्रू असतात. नसेची वाट चुकवून थोडा कल देता येतो. वरच्या जबड्यात सायनसचा पडदा हळूच उचलून खाली हाड भरतात. हाडाची रुंदीही वाढवता येते.

हाड भरायचे म्हटले की आपल्या घरांत एक प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे: हे हाड कशाचे? भरण्याची भुकटी काही वेळा रुग्णाच्याच जबड्यातून घेतात. काही भुकट्या गाईच्या हाडापासून, काही डुकराच्या हाडापासून, काही दान मिळालेल्या मानवी हाडापासून, तर काही पूर्णपणे कृत्रिम क्षारांपासून बनतात. त्यावर अंथरायचा पातळ पडदाही बऱ्याचदा प्राण्याच्या, आणि अनेक प्रकारांत डुकराच्या, कोलॅजनचा असतो. हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपल्यावर विचारण्याऐवजी स्कॅनचा निकाल कळला त्याच दिवशी विचारावे. डब्यावर मूळ पदार्थ लिहिलेला असतो. डॉक्टरांना सरळ सांगा की आम्हाला डुकरापासून बनलेले साहित्य नको. पर्याय असतात, फक्त ते आधी मागवावे लागतात. ज्यांना शरई बाजूने शंका असेल त्यांनी भरवशाच्या आलिमांना विचारावे, पण साहित्याचे नाव नेमके सांगून.

आणि सगळे पाहून इम्प्लांट न बसवणेच बरे असे ठरले, तर त्यात हार नाही. चांगला ब्रिज किंवा नीट बसणारी कवळी हे कमीपणाचे उपचार नाहीत. 'इथे बसवू नये' हेही स्कॅनने दिलेले मोलाचे उत्तर आहे.

स्कॅनला जाताना

कानातले, नथ, गळ्यातली साखळी, चष्मा आणि निघणारी कवळी काढून ठेवावी लागते. कवळीबद्दल डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तसे करावे. हिजाब किंवा ओढणीच्या पिना, केसांच्या क्लिपा चित्रात पट्टे उठवतात. पिन नसलेला साधा सुती कपडा डोक्यावर राहू शकतो का, हे फोनवर आधी विचारून घ्यावे; बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. महिला तंत्रज्ञ हवी असेल तर तेही वेळ घेतानाच सांगावे. वयस्कर मंडळींना मान स्थिर ठेवणे जड जाते. त्यांना घरीच समजावून न्यावे की अर्धा मिनिट पुतळ्यासारखे राहायचे, जीभ टाळूला लावायची आणि आवंढा गिळायचा नाही.

नुसता स्कॅन काढायला सहसा सुई टोचावी लागत नाही, औषधही घ्यावे लागत नाही. स्क्रू बसवण्याचे मात्र तसे नाही. त्यात रक्त येते, दोन-तीन वेळा गोळ्या घ्याव्या लागतात, मऊ जेवण लागते. ते काम रमजाननंतर ठेवले तर रोजेही सांभाळले जातात आणि जखमही.

घाई आणि पैसा

रत्नागिरी-रायगडच्या घरांत एक चित्र नेहमीचे आहे. मुलगा आखातातून महिनाभराच्या सुट्टीवर आलेला असतो. आई-वडिलांचे दात तेवढ्यात 'उरकून' जावे, असे त्याला मनापासून वाटते. त्यामागे प्रेम आहे. पण हाड सुट्टीच्या तारखा पाहत नाही. स्क्रू हाडात धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हाड भरले असेल तर त्याहूनही जास्त. काही निवडक रुग्णांत लवकर दात देता येतो, पण तो निर्णय मापांवरून व्हावा, विमानाच्या तिकिटावरून नव्हे. या सुट्टीत तपासणी, स्कॅन आणि आराखडा, पुढच्या सुट्टीपर्यंत दात, असे नियोजन केले तर कोणाचीच ओढाताण होत नाही.

पैशांचेही तसेच. स्कॅनचा खर्च वाचवला असे वाटते, पण इम्प्लांटच्या एकूण खर्चात तो लहान असतो. बिघडलेले काम दुरुस्त करण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, आणि बधिर ओठाची दुरुस्ती तर पैशानेही हमखास होत नाही.

डॉक्टरांना काय विचारावे

शेवटी, हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. माझ्या हाडाची उंची आणि रुंदी किती भरली? आकडे सांगाल का?

२. ही मापे ओपीजीवरून घेतली की त्रिमिती स्कॅनवरून? ओपीजी पुरेसा का वाटला?

३. नस किंवा सायनस किती अंतरावर आहे, आणि स्क्रू किती लांबीचा बसवणार?

४. हाड भरावे लागेल का? लागल्यास साहित्य कशापासून बनलेले आहे?

५. फक्त त्या जागेऐवजी पूर्ण स्कॅन कोणी वाचला? त्यात दुसरे काही, एखादी गाठ किंवा जुना जंतुसंसर्ग दिसला का?

६. स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळेल का?

शेवटचा प्रश्न छोटा वाटतो, पण तो विसरू नका. छापील कागदावर डॉक्टरांनी निवडलेले चार-सहा कापच असतात. सीडीत पूर्ण जबडा असतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर पुन्हा किरण घ्यावे लागत नाहीत.

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. ते खुर्ची वळवतात, पडद्यावरचा काप दाखवतात आणि बोट ठेवून सांगतात, "ही तुमची नस, हे तुमचे हाड, आणि हा स्क्रू इथपर्यंत." एवढे समजून घेतल्यावर होकार दिला, तर तो खरा होकार.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, सहाव्या वर्षी येणाऱ्या त्या दाढेकडे वळू. ती लहानपणीच वाचवली, तर या सगळ्या मापांची वेळच येणार नाही. तोपर्यंत घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर आज रात्री दिव्याखाली त्याचे तोंड उघडून शेवटची दाढ एकदा पाहून घ्या.